माथा कुठे पळून जात नाही!

परीक्षा संपली की ग्रुपवर मेसेज पडतोच, ‘चला, ट्रेक मारू!’ घरचे म्हणतात, ‘या उन्हात? डोकं फिरलंय का?’ मला विचाराल तर बिनधास्त जा. बहाव्याचे पिवळेधमक घोस, जाळीत पिकलेली करवंदं, मे सरताना लुकलुकणारे काजवे, हे सगळं उन्हाळ्याचंच वैभव आहे. ते पावसाळ्याच्या गर्दीत मिळणार नाही. अट एकच, ट्रेकचं टाइमटेबल उन्हाला ठरवू द्या.

कळसूबाईचंच घ्या. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून चढायला साधारण तीन तास लागतात. पहाटे चारला निघालात तर सातला माथ्यावर आणि ऊन तापायच्या आत खाली. तीच वाट नऊला धरली तर? सावली जेमतेम, काळा कातळ तापलेला आणि वाटेतल्या लोखंडी शिड्यांना हात लावायची सोय नाही. डोंगर तोच, वाट तीच. बदललं फक्त घड्याळ.

‘आपण यंग आहोत, आपल्याला काय होतंय?’ हा भ्रम आधी काढून टाका. घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होतं. हवा दमट असेल तर घाम नुसता निथळतो, वाळत नाही. त्यात चढण चढताना शरीर स्वतःच उष्णता तयार करत असतं. २०२३च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानातल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली, तेव्हा पारा चाळीशीलाही पोचला नव्हता. त्यामुळे मोबाइलवरचा आकडा बघून निश्चिंत होऊ नका.

पण माझ्या मते उन्हाहून मोठा धोका एका वाक्यात आहे. ‘अरे चल ना, थोडंच राहिलंय!’ मागे पडलेला मित्र या वाक्यापुढे गप्प बसतो. चेष्टा होईल, आपल्यामुळे सगळ्यांचा प्लॅन फिसकटेल, असं त्याला वाटतं. म्हणून निघण्याआधीच ठरवा, की सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालायचं आणि एकाने ‘बस’ म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं.

डोकं दुखणं, मळमळणं, पोटऱ्यांत गोळे येणं म्हणजे शरीर हाक मारतंय. सावली गाठा, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजा आणि बरं वाटलं तरी उतरायला लागा. कुणी असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. लगेच १०८ला फोन करा, अंग ओलं करा, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मात्र ओतू नका.

सह्याद्रीतले गुराखी बघा. रोज डोंगरात असतात, तरी भर दुपारी गुरं सावलीला बसवतात आणि स्वतःही आडवे होतात. त्यांना कुणी भित्रे म्हणत नाही. मग अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्या मित्राला आपण का म्हणायचं?

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर प्लॅन टाकाल, तेव्हा निघायच्या वेळेखाली परत फिरायची वेळही लिहा. माथा राहिला तर राहू दे. डिसेंबरमध्ये पुन्हा जाता येईल, सगळ्यांना.