आवडती मालिका सुचवणे, हीही अमानत



वांद्रे स्टेशनातून बाहेर पडून हिल रोडच्या दिशेने चालू लागले की पदपथावरच्या टी-शर्टांच्या ढिगात हल्ली ठरावीक चित्रे दिसतात. नारिंगी कपड्यांतला नारुतो, गवती टोपी घातलेला लुफी, कानात लोंबते डूल घातलेला तांजिरो. बेहरामपाड्यातली किंवा नवपाड्यातली आठवी-नववीतली मुले ही नावे शेजारच्या पोरांची नावे घ्यावीत तशी घेतात. मोठ्यांच्या लेखी ही सगळी ‘जपानी कार्टून’. मुले त्यांना ॲनिमे म्हणतात. या छंदातला सर्वांत गोड भाग म्हणजे आपल्याला आवडलेली मालिका दुसऱ्याला बघायला लावणे. या महिन्यात आम्ही त्याविषयीच लिहीत आहोत, कारण गोड वाटणाऱ्या या गोष्टीत जबाबदारीही आहे आणि तिचा विचार फारसा कुणी करत नाही.

मोठ्यांनी नाक मुरडण्याआधी थोडे आठवून पाहावे. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली, बगीरा आणि शेरखान यायचे, तेव्हा गल्ल्या ओस पडायच्या. ती ‘जंगल बुक’ मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९ मध्ये बनवली होती. हिंदीत येताना तिला गीत मिळाले आपल्या वांद्र्याच्याच गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानला आवाज मिळाला नाना पाटेकरांचा. म्हणजे आज चाळिशीत असलेले अम्मी-अब्बूही ॲनिमे बघतच मोठे झाले. फक्त तेव्हा त्यांना हा शब्द माहीत नव्हता.

पुढे डोरेमॉन आला, पोकेमॉन आला, ड्रॅगन बॉल झेड आले. पडद्यावरून हा छंद चित्रपटगृहांपर्यंत पोहोचला तोही चाहत्यांच्या आग्रहामुळे. माकोतो शिन्काई या दिग्दर्शकाचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लागावा म्हणून एका तरुण चाहत्याने मागणीपत्र तयार केले, त्यावर पन्नास हजारांहून अधिक जणांनी सह्या केल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो चित्रपट आपल्याकडे प्रदर्शित झाला. शिन्काई यांचाच ‘सुझुमे’ भारतात लागला २१ एप्रिल २०२३ रोजी. तो दिवस जुमअतुल विदाचा होता आणि दुसऱ्या दिवशी ईद होती. ईदीचे पैसे कशावर खर्च करायचे, हा प्रश्न त्या वर्षी अनेक मुलांपुरता आपोआप सुटला असेल! त्या चित्रपटाच्या मुळाशी २०११ चा जपानमधला भूकंप आणि त्सुनामी आहे. लहानपणी आई गमावलेली एक मुलगी ते दुःख घेऊन कशी जगते, हे त्यात दाखवले आहे. ‘कार्टून’ म्हणून बाजूला सारावी अशी ही गोष्ट नाही.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे चित्रांची मालिका म्हणजे लहान मुलांची, असे गृहीत धरले जाते. जपानमध्ये तसे नाही. तिथे चित्रकथांची मासिके वयानुसार वेगळी निघतात. किशोरांची ‘शोनेन’, मुलींची ‘शोजो’, प्रौढ वाचकांची ‘सेइनेन’. आपल्या घराघरांत पोहोचलेला शिनचॅन १९९० मध्ये प्रथम छापला गेला तो मोठ्यांच्या साप्ताहिकात. आपण तो मुलांच्या वाहिनीवर पाहिला आणि मग मुले उलट बोलतात म्हणून तक्रारी केल्या. २००८ मध्ये सरकारी आक्षेपानंतर ही मालिका बंद झाली आणि पुढे काटछाट होऊन परतली. मोठ्यांसाठीची गोष्ट मुलांच्या ताटात वाढली गेली, हे तक्रारींच्या गदारोळात बाजूलाच राहिले.

याहून बोलका दाखला जपानमधलाच आहे. १६ एप्रिल १९८८ रोजी जिब्ली स्टुडिओचे दोन चित्रपट तिथे एकत्र, एकाच तिकिटात दाखवले गेले. एक हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’. त्यात आई इस्पितळात असलेल्या दोन बहिणी गावी राहायला येतात आणि तिथल्या रानात त्यांना एक भला मोठा, लोकरीसारखा मऊ प्राणी भेटतो. दुसरा इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. त्यात १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात कोबे शहर जळते आणि अनाथ झालेले भाऊ-बहीण उपासमारीने संपतात. मूळ कथा लिहिणारे अकियुकी नोसाका यांची लहान बहीण युद्धकाळात अशीच गेली होती. स्टुडिओ एक, दिवस एक, तिकीटही एक. तरी पहिला चित्रपट पाच वर्षांच्या पोरीला मांडीवर घेऊन बघावा आणि दुसरा बघायला मोठ्या माणसालाही मन घट्ट करावे लागते.

हे सारे सांगण्याचे कारण आमच्या ओळखीच्या एका घरात घडले. वांद्रे पूर्वेला राहणारे हे कुटुंब. घरात खोली एक, मोबाइल दोन. सुट्टीत आलेल्या सतरा वर्षांच्या मामेभावाने नऊ वर्षांच्या मुलाला सांगितले, “ॲटॅक ऑन टायटन बघ, जबरदस्त आहे!” मुलाने इअरफोन लावून गोधडीखाली पहिला भाग पाहिला. त्या पहिल्याच भागात एक राक्षस नायकाच्या आईला त्याच्या डोळ्यांदेखत खातो. पुढचे आठ-दहा दिवस ते मूल रात्री अम्मीचा दुपट्टा मुठीत धरून झोपत होते. विचारले तर काही सांगेना. शेवटी दादीने खोदून विचारल्यावर ते म्हणाले, “दादी, अम्मी रात्री कुठे जाणार नाही ना?” अम्मीने मोबाइलवर चित्रे हलताना पाहिली होती. पण कार्टूनच तर आहे, असे समजून ती भाकऱ्या थापत राहिली.

मामेभावाच्या मनात काही वाईट नव्हते. त्याला मालिका आवडली होती आणि आवडलेली गोष्ट वाटून घ्यावी, ही चांगलीच वृत्ती आहे. आपल्याकडे ताटातला घास शेजाऱ्याला देतात. पण देण्याआधी समोरच्याचे दात बघतात. तान्ह्याला कुणी बोटीची हाडे चघळायला देत नाही.

ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो त्याच्यावर विश्वास टाकलेला असतो, अशी हदीसची शिकवण आहे. आपण ती लग्नाची स्थळे आणि व्यवहाराचे सल्ले एवढ्यापुरती लावतो. “भाईजान, काय बघू?” हाही सल्लाच आहे आणि विचारणारा वयाने लहान असेल तर अमानत आणखी जड होते.

मग सुचवायचेच नाही का? जरूर सुचवावे. फक्त नावासोबत तीन गोष्टी सांगाव्यात: कुणासाठी, त्यात काय आहे आणि कुठे जपावे. आमच्या आवडीच्या चार कलाकृती आम्ही याच पद्धतीने सांगतो.

‘माय नेबर टोटोरो’ घरातल्या सर्वांसाठी. मारामारी नाही, खलनायक नाही. रानाचे रक्षण करणारे अद्भुत जीव ही जपानी लोकांची पारंपरिक कल्पना आहे. लहान मुलांशी त्यावर जरूर बोलावे. झाडे-डोंगर कुणी निर्माण केले, आपला विश्वास काय आणि इतरांचा काय, हे समजावून सांगायला इतकी सोपी संधी एरवी मिळत नाही.

‘अ सायलेंट व्हॉइस’ हा २०१६ चा चित्रपट तेरा-चौदाच्या पुढच्यांसाठी, आणि पालकांच्या सोबतीने. वर्गात आलेल्या कर्णबधिर मुलीला एक मुलगा छळतो, तिची श्रवणयंत्रे मोडतो. काही वर्षांनी तो खुणांची भाषा शिकून तिच्यासमोर उभा राहतो. कुणीही कुणाची टर उडवू नये, ही सूरह हुजुरातची आज्ञा मुलांना पाठ असते. शाळेच्या व्हरांड्यात ती मोडली की नेमके काय मोडते, ते हा चित्रपट दाखवतो. जपण्याची जागा अशी: यात आत्महत्येचा विचार आणि प्रयत्न येतो. मूल आधीच उदास असेल तर आज नको.

‘विनलँड सागा’ सोळा-सतराच्या पुढच्यांसाठी. पहिल्या भागमालेत रक्तपात फार आहे. बापाच्या खुनाचा सूड घेण्यात एका मुलाचे बालपण आणि तारुण्य जळून जाते. दुसऱ्या भागमालेत तोच तरुण गुलाम म्हणून शेतात राबतो आणि पुन्हा हत्यार न उचलण्याचा निर्धार करतो. सूड आणि माफी यांतले काय जड असते, हे समजायला लागलेल्या मुलासोबत बघण्याजोगी ही मालिका आहे.

चौथा ‘द जर्नी’, २०२१ चा. रियाधच्या मांगा प्रॉडक्शन्सने जपानच्या तोएई ॲनिमेशनसोबत तो बनवला. अब्रहाची फौज मक्केवर चालून येते, तेव्हा शहर वाचवायला उभ्या राहिलेल्या औस नावाच्या कुंभाराची ही कहाणी. सूरह फीलमधला प्रसंग तिच्या मुळाशी आहे. मात्र औस आणि त्याचे सोबती कल्पनेतले आहेत, हे मुलांना आधी सांगावे. चित्रपट बघून झाल्यावर सूरह अर्थासह एकत्र वाचली तर कल्पना कुठे संपते, तेही त्यांना कळेल. लढाईची दृश्ये असल्याने अगदी लहानांना टाळावा.

अरब जगाशी ॲनिमेचे नाते यापेक्षा जुने आहे. कोकणातल्या ज्या घरांतली माणसे कुवेत, दुबईत राहिली, त्यांच्या मुलांना विचारा. जपानचा फुटबॉलवेडा त्सुबासा अरबीत ‘कॅप्टन माजिद’ झाला आणि तिथल्या पिढ्या त्याच्यावर वाढल्या. भाषा बदलली, नाव बदलले आणि पोराच्या पायातला चेंडू तोच राहिला. चित्रे काढणे-बघणे याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्या घरात जे मानले जाते ते पाहुण्या मुलांनीही पाळावे. आपल्या घरी चालते म्हणून मामूच्या घरी चालेलच असे नाही.

आता वेळेचा हिशेब. ‘वन पीस’चा हजारावा भाग नोव्हेंबर २०२१ मध्ये दाखवला गेला आणि मालिका पुढे चालूच आहे. एक भाग साधारण २४ मिनिटांचा. हजार भाग म्हणजे ४०० तास. रोज एक तास दिला तरी वर्षाहून जास्त. म्हणून “बघायला घे” म्हणताना आपण त्याच्या आयुष्यातले किती तास मागतो आहोत, हेही सांगावे. परीक्षा तोंडावर असलेल्या बहिणीला बारा भागांची मालिकाही सुचवू नये. घरात नियम सोपा असावा: इशानंतर एक भाग, आणि भाग अर्ध्यावर असताना अजान झाली तर पडदा थांबतो. थांबवलेला भाग कुठे पळून जात नाही.

आणि बघायचे ते हक्काच्या ठिकाणी. फुकट मिळते म्हणून चोरीच्या ठिकाणी गेले की तिथे मुलांसमोर नको त्या जाहिराती उघडतात, हे एक. दुसरे असे की ही चित्रे कुणाच्या तरी हातांनी काढलेली असतात. ‘अ सायलेंट व्हॉइस’ ज्या क्योतो ॲनिमेशनने बनवला, तिथे १८ जुलै २०१९ रोजी लावलेल्या आगीत ३६ जणांचा जीव गेला. ज्यांच्या मेहनतीने आपण रडतो-हसतो, त्यांची मजुरी बुडवणे आपल्या दीनात बसत नाही.

अम्मी-अब्बूंनाही एक विनंती. मूल “हे बघ ना” म्हणत मोबाइल पुढे करते, तेव्हा ते फक्त मालिका दाखवत नसते. आपल्याला काय आवडते, कशाने रडू येते, कोणासारखे व्हावेसे वाटते, ते सांगत असते. “बंद कर ते” असे दोन-तीनदा ऐकले की ते दाखवणे बंद करते, बघणे नाही. मग गोधडी आणि इअरफोन उरतात. वांद्र्याच्या लहान खोल्यांत वेगळी बैठक नसते, पण त्यातच सोयही आहे. इअरफोन काढायला लावला की अख्ख्या घराला ऐकू येते. एक भाग सोबत बघा. समजले नाही तर विचारा, “हा कोण? हा असा का वागला?” मुले आनंदाने सांगतील. शिकवणारे आपण आणि शिकणारे तेच, हा नेहमीचा क्रम त्या २४ मिनिटांपुरता उलटला तर बिघडत नाही.

मोठ्या मुलामुलींनी या महिन्यात एक काम करावे. जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखावेत: मालिकेचे नाव, किती वर्षांपुढच्यांसाठी, आत काय आहे, कुठे जपावे. स्वतः शेवटपर्यंत पाहिलेलीच मालिका त्यात लिहावी, आणि शेवट मात्र लिहू नये, दुसऱ्याची मजा जाते. रमजान ईदला खालाकडे, फुफीकडे भावंडे जमतात आणि “काय बघू?” हा प्रश्न येतोच. तेव्हा ते पान पुढे करावे. अल्लाह आपल्या मुलांच्या डोळ्यांची आणि मनाची हिफाजत करो. आमीन.