काउंटरपलीकडचा जाणकार

घराचे काम काढलेल्या प्रत्येक कुटुंबाला 'आलोच' या शब्दाचा खरा अर्थ ठाऊक असतो. सकाळी दहाला प्लंबर सांगतो, "वहिनी, एक एल्बो कमी पडतोय, दुकानातून आलोच," आणि जातो तो दुपारची जेवणे आटोपल्यावर उगवतो. तोवर न्हाणीघराची फरशी उखडलेली, पाणी बंद, शेजाऱ्यांकडून बादल्या भरून आणण्याची पाळी. मग घरात ठरलेली चर्चा होते. ही माणसे कामचुकार असतात, एका वेळी चार ठिकाणी कामे धरून ठेवतात, वस्तू आणायला म्हणून जातात आणि चहाच्या टपरीवर बसतात. यातले काही कधीकधी खरेही असते. पण ते तीन तास नेमके कुठे गेले, हे त्याला कोणी विचारत नाही. विचारले तर बऱ्याचदा उत्तर येईल की, दुकानात गेले.

प्लंबर असो, वायरमन असो, सुतार असो की फरशीवाला, कोणाशीही दहा मिनिटे बोलावे, ही तक्रार बाहेर पडतेच. दुकानात सामान भरपूर आहे, पण सामान ओळखणारा माणूस नाही. काचेची दारे आहेत, वातानुकूलित दालन आहे, गणवेशातली नम्र मुले आहेत. मात्र "तीन सुताचा बोल्ट दे" म्हटले की समोरचा मुलगा बावचळतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार-लोहारांचे हे रोजचे माप, पण त्या मुलाने ते कधी ऐकलेलेच नसते. तो संगणकाकडे पाहतो. संगणकाला कोड लागतो आणि कोड कारागिराला ठाऊक नसतो. मग "आमच्या त्या सरांना माहीत आहे" असे उत्तर मिळते आणि ते सर नेमके त्या दिवशी रजेवर असतात.

बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रकार क्षुल्लक वाटेल. एक नळी, एक चावी, एक खटका यांत एवढे जाणून घेण्यासारखे काय असते? असते, आणि पुष्कळ असते. पाण्याच्या नळांचेच उदाहरण घ्या. 'अर्धा इंची' या एकाच नावाने दुकानात दोन वेगळ्या नळ्या मिळतात. गार पाण्याच्या यूपीव्हीसी नळीचा बाहेरचा व्यास साधारण २१.३ मिलिमीटर असतो, तर गरम पाण्याला चालणाऱ्या सीपीव्हीसी नळीचा १५.९ मिलिमीटर. नाव एकच, पण एकीचा जोड दुसरीला बसत नाही. दोन्हींना चिकटवण्याचे द्रवही वेगळे. प्लंबरने निरोप्याला पाठवले, त्याने 'अर्ध्याचा एल्बो' मागितला आणि मुलाने न विचारता हाताला येईल तो दिला, की एक फेरी वाया गेली. हे निदान लगेच कळते तरी. गीझरकडून येणाऱ्या नळाला कोणी यूपीव्हीसी नळी बसवून दिली, तर ती चूक काही महिन्यांनी भिंतीच्या आत उघडी पडते, आणि तेव्हा भिंतीवर नव्या टाइल्स असतात.

विजेच्या सामानाचेही तेच. वितरण पेटीतले खटके, ज्यांना आपण एमसीबी म्हणतो, ते एकाच ॲम्पियरचे असूनही 'बी' आणि 'सी' अशा निरनिराळ्या प्रकारांत येतात. 'बी' प्रकारचा खटका ठरलेल्या प्रवाहाच्या तीन ते पाच पट झटका बसताच पडतो, 'सी' प्रकारचा पाच ते दहा पटींपर्यंत तग धरतो. पाण्याची मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी अधिक वीज ओढते. म्हणून तिथे 'सी' लागतो. विक्रेत्याने खोक्यावरचा आकडा पाहिला आणि अक्षर पाहिले नाही, तर मोटर लावली की खटका पडतो, आणि गिऱ्हाईक वायरमनला फोन करून विचारते, "काय हो, कसले काम करून गेलात?" प्लायवुड घेताना 'वॉटरप्रूफ आहे ना?' असे विचारले की 'हो' हे उत्तर ठरलेलेच असते. स्वयंपाकघरातल्या मोरीखालच्या कपाटाला खऱ्या अर्थाने टिकणारा मरीन प्लाय घ्यायचा, तर त्यावर आयएस ७१० हा शिक्का पाहायचा असतो. ओलाव्यात तग न धरणारा साधा प्लाय तिथे लावला की तो फुगतो, आणि नाव सुताराचे जाते.

प्रश्न इथेच गंभीर होतो. दुकानातली चूक दुकानात राहत नाही. ती पिशवीत बसून घरी येते आणि तिथे कारागिराच्या नावावर चढते. बहुतेक प्लंबर, वायरमन हे काम अंगावर घेतात, म्हणजे ठरलेल्या रकमेत पूर्ण करून देतात. वाया गेलेल्या फेऱ्यांचे पैसे त्यांना कोणी देत नाही. हाताखालचा मदतनीस मात्र बसल्या जागी दिवसाची मजुरी घेतो. त्यांचे भांडवल म्हणजे हत्यारांची पिशवी आणि चार घरांतून झालेले नाव. चुकीच्या सामानाने त्यातले नावच जाते. दुकानदाराने कमी पगाराचा नवखा मुलगा ठेवून वाचवलेले पैसे हवेतून आलेले नसतात. ते कारागिराच्या अर्ध्या दिवसातून आणि आपल्या घरच्या ओल आलेल्या भिंतीतून वळते झालेले असतात.

पूर्वीचे सगळे चांगले आणि आताचे वाईट, असा सूर लावण्याचे कारण नाही. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा नागदेवी स्ट्रीटवर, पुण्याच्या बोहरी आळीत पिढ्यान् पिढ्या बसलेले दुकानदार काही देवदूत नव्हते. भाव सांगताना ते गिऱ्हाइकाचा चेहरा पाहत, पक्के बिल मागितले की कपाळाला आठ्या घालत, आणि घरच्या बाईने काही विचारले तर "तुमच्या मिस्त्रीला पाठवा" म्हणून वाटेला लावत. पण मोडका तुकडा पुढे ठेवला की तो कशाचा, कुठल्या बनावटीचा, आता मिळतो की नाही, नसेल तर काय चालेल, हे ते न उठता सांगत. नव्या दालनाने भावाची पाटी आणली, बिल आणले, बाईमाणसाला मानाने उभे केले. हे मोठेच काम झाले. त्या बदल्यात जाणकार माणूस घालवायलाच हवा होता का, एवढाच प्रश्न आहे.

तो घालवल्यावर काय होते, याचा धडा अमेरिकेने गिरवून ठेवला आहे. बर्नार्ड मार्कस आणि आर्थर ब्लँक या दोघांनी १९७८ साली 'होम डेपो' ही कंपनी काढली आणि १९७९ साली अटलांटा शहरात तिची पहिली दुकाने उघडली. गोदामाएवढे दुकान, स्वस्त भाव आणि नारिंगी एप्रन घातलेले विक्रेते. या विक्रेत्यांत प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार अशी हाताने कामे केलेली माणसे होती, आणि दुकानाची ख्याती त्यांच्यामुळे झाली. नळ गळतो म्हणून आलेल्या माणसाला ते वॉशर बदलून भागेल की नवा नळ घ्यावा लागेल, हे सांगत.

डिसेंबर २००० मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतून आलेल्या रॉबर्ट नार्डेली यांच्याकडे सूत्रे गेली. त्यांनी शिस्त आणली, खर्चाला कात्री लावली आणि अर्धवेळ नोकरांचे प्रमाण वाढवले. अनुभवी माणसे महाग पडतात, ती पांगली. हिशेबाच्या वह्या तर बाळसे धरत होत्या. कंपनीची वार्षिक विक्री सुमारे ४६ अब्ज डॉलरवरून पाच वर्षांत ८० अब्जांच्या पुढे गेली. पण मिशिगन विद्यापीठाच्या ग्राहक-समाधान निर्देशांकात २००५ साली हीच कंपनी देशातल्या मोठ्या किरकोळ विक्रेत्यांत अगदी तळाला होती. जानेवारी २००७ मध्ये नार्डेली पायउतार झाले आणि जाताना सुमारे २१ कोटी डॉलरचा मोबदला घेऊन गेले, यावर तिकडे मोठा गदारोळ झाला. त्यांच्या जागी आलेल्या फ्रँक ब्लेक यांनी जी कामे आधी हाती घेतली, त्यांत परवानाधारक कारागिरांना पुन्हा दुकानात आणणे हे एक होते. विक्रीचे आकडे फुगत असताना विश्वास आटत असतो आणि ते ताळेबंदात दिसत नाही, हा त्यातला धडा.

त्याच वर्षी, मार्च २००७ मध्ये, 'सर्किट सिटी' या विद्युत उपकरणांच्या दुकानांच्या साखळीने सुमारे ३,४०० विक्रेत्यांना काढून टाकले. त्यांचा अपराध एवढाच की त्यांचा पगार बाजारभावापेक्षा जास्त होता. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००९ साली तिची दुकाने बंद झाली. मंदी आणि स्पर्धा ही कारणेही त्यामागे होती. सगळा दोष त्या एका निर्णयाला देणे बरोबर होणार नाही. पण जाणत्या माणसांना निरोप देऊन ती तरली नाही, हेही खरे.

उलट बाजूचा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. घरदुरुस्तीचे सामान विकणाऱ्या 'बी अँड क्यू' कंपनीने १९८९ साली मॅकल्सफील्ड गावात एक दुकान उघडले आणि तिथे सगळे नोकर पन्नाशीच्या पुढचे घेतले. तरुण पोरे टिकत नव्हती, हे एक कारण. वयस्क माणसांनी आयुष्यभर घरात हातोडी-पान्हा चालवलेला असतो, हे दुसरे. वॉरविक विद्यापीठाने १९९१ साली या दुकानाची इतर दुकानांशी तुलना केली. नफा १८ टक्क्यांनी अधिक, गैरहजेरी ३९ टक्क्यांनी कमी, मालाची गळती ५८ टक्क्यांनी कमी आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण सहा पटींनी कमी निघाले. म्हाताऱ्यांना संगणक जमणार नाही, जड सामान उचलणार नाही, या सगळ्या शंकांना त्या आकड्यांनी उत्तर दिले.

आता आपल्याकडे पाहू. काउंटरवरच्या त्या मुलावर राग काढण्यात अर्थ नाही. बारावी होऊन किंवा अर्धे कॉलेज सोडून तो आलेला असतो. दहा-दहा तास उभा असतो. त्याला शर्ट, बिल्ला आणि 'वेलकम सर' एवढे शिकवून हजारो वस्तूंच्या फडताळांपुढे उभे केलेले असते. सहा महिन्यांत जरा नजर बसते, तोच दोन पैसे जास्त मिळतात म्हणून तो मोबाइलच्या दुकानात जातो. ज्याला शिकवलेच नाही त्याला अडाणी म्हणणे हा अन्याय आहे. आणि कारागिरांनीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. गिऱ्हाईक त्यांना सोबत न घेता एकटेच मोठ्या दालनात जाते, याला कारण आहे दुकानातून मिळणारे त्यांचे कमिशन. मिस्त्रीने सांगितलेले दुकान म्हणजे मिस्त्रीची टक्केवारी, ही शंका गृहिणीच्या मनात पक्की बसलेली असते. ज्याला सामान कळते त्याच्यावर भरवसा नाही आणि ज्याच्यावर भरवसा ठेवला त्याला सामान कळत नाही, अशा कात्रीत आपण सापडलो आहोत.

यातून वाट काढणे अवघड नाही. पन्नाशी-पंचावन्न ओलांडलेला प्लंबर गुडघ्यांमुळे शिडी चढू शकत नाही, मोरीखाली वाकू शकत नाही. त्याच्या डोक्यात मात्र तीस-पस्तीस वर्षांची घरे असतात. दुकानात त्याला एक खुर्ची, बऱ्यापैकी पगार आणि दोन मुले हाताखाली दिली, तर दुकानाचे, त्याचे आणि त्या मुलांचेही भले होईल. आयटीआयमधून प्लंबर, वायरमन होऊन मुले बाहेर पडतात. १९६१ सालापासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. मोठ्या दालनांनी ही मुले उमेदवार म्हणून काउंटरवर घ्यावीत. नव्या विक्रेत्याला पहिले काही दिवस शर्ट-बिल्ला न देता एखाद्या चालू कामावर मिस्त्रीच्या हाताखाली पाठवावे. हाताने एक नळी जोडलेला मुलगा पुढे कधीही न विचारता एल्बो देणार नाही. "गरम पाण्याला की गार?" हा प्रश्न त्याच्या तोंडून आपोआप येईल.

आपणही थोडे करू शकतो. काय हवे ते मिस्त्रीकडून मापासह कागदावर लिहून घ्यावे. जुना तुकडा फेकू नये, पिशवीत घालून दुकानात न्यावा. कारागिराला बरोबर न्यायचे तर त्याचा वेळ धरून मजुरी आधीच उघडपणे ठरवावी, म्हणजे त्याला टक्केवारीची गरज उरणार नाही आणि आपल्याला संशयाची. आणि दोन दुकानांत पाच-पंचवीस रुपयांचा फरक असेल, तर कुठे माहिती देणारा माणूस बसला आहे हेही पाहावे. त्याच्या ज्ञानाचा उपयोग एका दुकानात करून घ्यायचा आणि वस्तू मोबाइलवर स्वस्तात मागवायची, असे आपणच करीत राहिलो तर कोणता दुकानदार त्याला पगार देत बसेल?

चांगल्या विक्रेत्याची ओळख किती माल खपवला यावरून होत नाही. समोरच्या हातातली वस्तू पाहून "हे तुमच्या कामाचं नाही, परत ठेवा" असे सांगण्याची ज्याची हिंमत आणि जाण असते, तो खरा विक्रेता. त्या एका वाक्याने दुकानाची एक विक्री बुडते, पण कुणाची तरी भिंत वाचते, कुणाचा तरी दिवस वाचतो आणि कुणाचे तरी नाव राहते. असा माणूस जिथे अजून काउंटरपलीकडे उभा आहे, तिथे दुकानदाराने त्याला जपावे. कारण तो गेल्यावर त्याची किंमत करायला बसलो, तर ती कुठल्याच पाटीवर लिहिलेली सापडणार नाही.