बैठकीचा विषय कोणी ठरवावा?

आपल्याकडील सार्वजनिक बैठकीचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. व्यासपीठ, हारतुरे, प्रास्ताविक, मान्यवरांची मनोगते आणि शेवटी आभार. विषयपत्रिका आधीच छापलेली असते आणि ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द पुष्कळदा सभा भरण्यापूर्वीच इतिवृत्तात येऊन बसलेले असतात. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शिक्षक व कारकून यांना या पद्धतीची फळे आता संगणकाच्या पडद्यावर चाखावी लागतात. शाळांसाठी २०१५ साली ‘सरल’ प्रणाली आली. ग्रामपंचायतींसाठी एप्रिल २०२० मध्ये ‘ई-ग्रामस्वराज’ आली. रकाने भरायचे ते गावात. ते कोणते असावेत आणि त्यांना मराठीत काय म्हणावे, हे मात्र ठरते वर. भरणारा एक आणि ठरवणारा दुसरा, ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही वावगे आहे असेही कोणास वाटेनासे झाले आहे.

या विभागणीला छेद देणारी एक कार्यपद्धती संगणकाच्याच क्षेत्रात गेली चार दशके वाढत आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली; १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा लोकांपुढे ठेवला. या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, तपासता येते, बदलता येते आणि इतरांना देता येते. असे काम करणारे हजारो लोक जगभर विखुरलेले असतात. ते अधूनमधून एकत्र जमतात, तेव्हा भाषणांइतकेच महत्त्व सामूहिक नियोजनाच्या बैठकींना देतात. ‘डेबियन’ या प्रणालीचे जागतिक संमेलन सप्टेंबर २०२३ मध्ये कोची येथे भरले. पुण्यातही ‘फेडोरा’ प्रणालीच्या कार्यकर्त्यांची संमेलने २०११ व २०१५ साली झाली.

अशा बैठकींची रीत साधी आहे. कोणीही आपला विषय कागदावर लिहून भिंतीवर लावतो. सारखे विषय एकत्र केले जातात, कोणत्या विषयास किती जण बसणार हे पाहिले जाते आणि त्यावरून वेळापत्रक तयार होते. प्रत्येक गटाला एक संयोजक असतो. त्याने स्वतः कमी बोलावे आणि गप्प बसलेल्यांना बोलते करावे, ही अपेक्षा असते. दुसरा एक जण टिपणे घेतो, आणि ती सर्वांना दिसतील अशी घेतो. तासाभराने गट उठतो तेव्हा तीन गोष्टी कागदावर आलेल्या असाव्या लागतात : काय करायचे, कोणी करायचे आणि केव्हापर्यंत. ज्या कामाला नाव लागले नाही, ते तूर्त होणार नाही असे मोकळेपणाने लिहिले जाते. टिपणे नंतर सर्वांसाठी खुली राहतात. जो हजर नव्हता त्यालाही हरकत नोंदवता येते.

ही शिस्त कोणाच्या सौजन्यातून आलेली नाही. तेथे बहुतेक जण स्वेच्छेने काम करतात. त्यांना परिपत्रक काढून राबवता येत नाही. ज्याला आज्ञा देता येत नाही त्याला पटवावे लागते, आणि पटवायचे तर नियोजनातच सामील करून घ्यावे लागते. तथापि या पद्धतीचे दोषही झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्याला इंग्रजी सफाईने बोलता येते, ज्याच्यापाशी मोकळा वेळ आहे, त्याचाच आवाज तेथे मोठा होतो. दरवाजा उघडा ठेवला म्हणजे सगळे आत येतात असे नव्हे. आपल्या ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते, ती याच कारणासाठी.

मराठीच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. संगणकाच्या पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांना भारतीय भाषांत एकसारखे प्रतिशब्द असावेत, म्हणून २००८ साली पुण्यातून ‘फ्यूएल’ हा प्रकल्प सुरू झाला. एकेक शब्द पुढे ठेवून त्यावर चर्चा करायची आणि मगच तो स्वीकारायचा, ही त्याची रीत. पण अशा चर्चेत तालुक्याच्या कचेरीतील कारकून बसला तर काय फरक पडेल? ‘रद्द’ आणि ‘नष्ट’ हे शब्द पाहावेत. दप्तरात रद्द झालेली नोंद रेघ मारून जागेवरच राहते. नष्ट केलेला कागद मात्र कायमचा जातो. पडद्यावरील बटणावर यांपैकी कोणता शब्द हवा, हे उत्तम संहिता लिहिणाऱ्या तज्ज्ञालाही सुचेल असे नाही. ज्याची हयात नोंदवह्यांत गेली त्याला ते क्षणात कळते. शाळेच्या दाखल्याचा, हजेरीचा, निकालपत्रकाचा शब्दही असाच शिक्षकाच्या ओठावर असतो.

केरळने ही गोष्ट वेळीच ओळखली. २००१ साली तेथे सुरू झालेला शालेय संगणक शिक्षणाचा प्रकल्प पुढे मुक्त सॉफ्टवेअरवर उभा राहिला, आणि शाळांना लागणारी प्रणाली घडवण्यात शिक्षकांनाच वाटा मिळाला. शिक्षक हा तेथे केवळ माहिती भरणारा राहिला नाही.

मग महाराष्ट्रात अशी बैठक पुण्याच्या महाविद्यालयांतच का भरावी? शिरूर पुण्याहून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे, आणि दौंड तर रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांना अक्षरओळखीपासून छपाईपर्यंत शिकवले. सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर, १९२२ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर, १९२४ साली मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून संपूर्ण बाहेर पडले. ज्यांना समाजाने निरुपयोगी ठरवले होते, त्यांच्या हातांनी हे ग्रंथकार्य तडीस नेले. भीमेच्या काठी असे काम होऊ शकत नाही, असे म्हणण्यास म्हणूनच जागा नाही.

पुण्यातील मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी दोन दिवसांची एक बैठक शिरूरला आणि पुढील वर्षीची दौंडला घ्यावी. तेथील महाविद्यालयांनी जागा द्यावी. पंचायत समितीने शिक्षक व कर्मचाऱ्यांस त्या दोन दिवसांची कर्तव्यरजा द्यावी. कारण रविवारची सुटी खर्चून यावे लागले, तर ज्यांच्यासाठी ही बैठक तेच घरी राहतील. कामकाज मराठीत चालावे. उद्‌घाटन, सत्कार आणि मनोगते यांना पूर्ण फाटा द्यावा. पहिल्या वर्षी विषयही मोजके असावेत : शाळेच्या आणि कचेरीच्या कामातील शंभर-दोनशे शब्द आणि त्या कामातील नेहमीच्या अडचणी. दुसऱ्या वर्षीच्या बैठकीचा आरंभ मागील यादीच्या वाचनाने व्हावा. काय झाले, काय राहिले आणि का राहिले, एवढेच विचारावे.

शासनाच्या प्रणाली यामुळे लगेच बदलतील, अशी भोळी आशा कोणी बाळगू नये. पण नावानिशी केलेली, लेखी आणि सर्वांस खुली असलेली मागणी दुर्लक्षिणे अवघड जाते. कुरकूर दुर्लक्षिणे फार सोपे असते. शिवाय ही सवय एकदा लागली की ती संगणकापुरती राहणार नाही. गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या ग्रामसभा आणि केवळ सह्यांपुरत्या भरणाऱ्या शाळा व्यवस्थापन समित्या यांनाही तिचा उपयोग आहे. लोकांना नियोजनात रस नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी विषयपत्रिकेचा कागद कोरा ठेवून त्यांच्या हाती द्यावा.