नंबर लागला का?

नवीन फोनसाठी रात्रभर रांग लावणारे लोक आपण पाहिलेत. फर्स्ट डे फर्स्ट शोसाठी ऑफिसला दांडी मारणारेही पाहिलेत (त्यातले काही आपणच असतो!). पण जी वस्तू देशात आलेलीच नाही, दुकानदारानेही हातात धरलेली नाही, तिच्यासाठी पैसे भरून आठ महिने वाट बघणारी माणसं बघायची असतील, तर कॅमेरावाल्यांच्या घरात डोकवा. आमच्याच घरी या.

गोष्ट २०१८ची. बाबा त्या जूनमध्ये बँकेतून रिटायर झाले. त्यांचा छंद एकच, पक्षी. निकॉनची डी-५०० बॉडी आणि २००-५०० झूम लेन्स हा त्यांचा संसार. आता ही लेन्स एकटीच २.३ किलोची. बॉडी धरून सव्वातीन किलोच्या आसपास. आणि नेमका त्याच वर्षी बाबांचा उजवा खांदा धरला. फ्रोझन शोल्डर! फिजिओथेरपी चालू होती, पण कॅमेरा उचलून दहा मिनिटं झाडाकडे बघत उभं राहणं विसरा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. बॅग कपाटाच्या वर गेली आणि ते दिवसभर टीव्हीवर बातम्या बघायला लागले. आईला तेच जास्त टोचलं.

ऑगस्टमध्ये निकॉनने ५०० एमएम एफ/५.६ पीएफ लेन्स जाहीर केली. वजन १४६० ग्रॅम. दादाने रात्री साडेअकराला मला उठवून तो आकडा दाखवला. म्हणजे बाबांच्या झूमपेक्षा पाऊण किलोहूनही जास्त हलकी! फंडा असा की, पीएफ म्हणजे फेज फ्रेनेल. एका भिंगावर वर्तुळाकार अतिसूक्ष्म खाचा असतात. रंग फाटू नयेत म्हणून एरवी जी जाडजाड भिंगं एकामागे एक लावावी लागतात, त्यांचं बरंचसं काम हे एकच भिंग करतं. म्हणून लेन्स आखूड आणि हलकी. निकॉनने २०१५मध्ये ३०० एमएमच्या लेन्समध्ये हेच वापरलं होतं, तेव्हा बाबांनी कौतुकाने वाचून दाखवल्याचं मला आठवतं.

अमेरिकेत किंमत ३,६०० डॉलर. इथे दादाच्या काही पगारांचा चुराडा. तरी पठ्ठ्याने दुसऱ्याच दिवशी गावातल्या एका दुकानात वीस हजार ॲडव्हान्स भरला. ‘दिवाळीच्या आत देतो की!’ दुकानदार म्हणाले. दिवाळीनंतर भिगवणला रोहित येतात. सगळं कसं छान जुळत होतं.

दिवाळी गेली. नाताळ गेला. दर पंधरवड्याला दादाचा फोन आणि पलीकडून तेच उत्तर, ‘पुढच्या लॉटमध्ये नक्की.’ यात दुकानदाराला सगळा दोष देता येत नाही, हेही खरं. मागणी अंदाजापेक्षा फारच जास्त आली, पुरवठ्याला उशीर होतोय, अशी जाहीर माफी जपानमध्ये खुद्द कंपनीने मागितली होती. लेन्स म्हणजे काही टीशर्ट नव्हे, की खप वाढला म्हणून रात्रपाळी लावली. कॅमेऱ्याची काच वितळवल्यावर फार सावकाश थंड करावी लागते, नाहीतर तिच्यात ताण राहतो आणि चित्र बिघडतं. मग घासणं, पॉलिश, कोटिंग, जुळवणी, तपासणी. यातली एक पायरी तुंबली की सगळं तुंबतं. पुढच्याच वर्षी, २०१९मध्ये, निकॉनच्या नॉक्ट लेन्सचं तेच झालं. ५८ एमएम, एफ/०.९५. वजन दोन किलो, ऑटोफोकस नाही, किंमत आठ हजार डॉलर! अशी लेन्स कोण घेणार, असं आपल्याला वाटतं ना? जपानमध्ये ऑर्डर घेणंच काही काळ थांबवावं लागलं.

पण सगळा उशीर जपानमधून येत नसतो, बरं का. फेब्रुवारीत कळलं, की आमच्या दुकानात दोन पीस येऊन गेले होते. एक आमच्या आधी नंबर असलेल्या माणसाला मिळाला, ठीकच. दुसरा मात्र लेन्ससोबत महागडी नवी बॉडी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला! दादा भांडायला गेला आणि हात हलवत परत आला. कारण पावतीवर फक्त ‘ॲडव्हान्स रु. २०,०००’ एवढंच. यादीतला नंबर नाही, तारीख नाही, पैसे परत मिळण्याची अट नाही. तुम्ही कधी असं बुकिंग केलंत, तर या तीन गोष्टी दुकानदाराच्या सहीने लिहून घ्या. तो हसेल, हसू दे.

मग दादाला मुंबईच्या फोर्टमधून एक ऑफर आली. ग्रे मार्केटचा पीस, उद्या डिलिव्हरी, पण बिल नाही आणि भारतातली वॉरंटीही नाही. तो तयार होता. मीही होते. बाबांनी ऐकलं आणि शांतपणे म्हणाले, ‘अडतीस वर्षं लोकांचे व्हाउचर तपासलेत मी. बिनबिलाची वस्तू मला नको.’ विषय संपला!

त्याच रविवारी ते आईला घेऊन भिगवणला गेले. नुसती दुर्बीण घेऊन. कुंभारगावच्या होडीत दोघं तीन तास बसले. रात्री फोनवर बाबा पहिल्यांदाच न थांबता बोलत होते. रोहित पाय आपटून चिखल कसा ढवळतात, डोकं उलटं करून चोच पाण्यात कशी फिरवतात. इतकी वर्षं फोटो काढले, पण हे नीट बघितलंच नव्हतं म्हणे! दादा यावर जरा खट्टू झाला. साहजिक आहे. एवढा खर्च करायचा आणि माणूस दुर्बिणीवरच खूश?

लेन्स मेच्या पहिल्या आठवड्यात आली. रोहितांचा सीझन सरला होता. खोकं उघडताना बाबांचे हात किंचित थरथरत होते, हे मी पाहिलं, पण कुणी काही बोललं नाही. उजव्या हाताने कॅमेरा डोळ्यापर्यंत गेला. तिथेच राहिला. आई घड्याळ बघत होती, मिनिटं मोजत.

बाल्कनीतल्या जास्वंदीवर रोज एक शिंजीर यायचा. तो आला. बाबांनी नेम धरला, पण फोकसच होईना. खराब पीस आला की काय, म्हणून दादाचा चेहरा पांढराफटक! मग माहितीपत्रक काढलं. ही लेन्स तीन मीटरच्या आतलं काही बघतच नाही. बाबा एकेक पाऊल मागे सरकत हॉलमधून थेट स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि तिथून आईला म्हणाले, ‘जरा बाजूला हो गं, मधे येतेस.’