बिल वाचणारा एक जण प्रत्येक घरात हवा

मंगळवारी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवर आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो आणि रामदासपेठेतल्या दवाखान्यात लाखाचे बिल न वाचताच भरतो. कारण समजण्यासारखे आहे. पेशंट आत असतो, डोके ठिकाणावर नसते, आणि जास्त विचारले तर उपचारात हयगय होईल अशी भीती वाटते. जादा पैसे लागतात ते नेमके याच घाईत.

रामदासपेठ आणि शेजारची धंतोली म्हणजे विदर्भाचा दवाखाना. इथे मोमिनपुरा, ताजबागपासून यवतमाळ, गडचिरोलीपर्यंतचे पेशंट येतात. बिल इंग्रजीत असते. अब्बूंना ते वाचता येत नाही, अम्मी दागिने मोडायच्या विचारात असते. घरात ते वाचू शकणारे असतो आपण, शिकलेली मुले-मुली. म्हणून हे काम आपले आहे.

वाचल्याने फरक पडतो, हे नागपूरने पाहिले आहे. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले: साध्या वॉर्डात रोज ४,००० रुपये, आयसीयूत ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. तरीही जादा आकारणीच्या तक्रारी आल्या. महापालिकेने बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले आणि काही प्रकरणांत पैसे परत करण्याचे आदेश निघाले. लेखापरीक्षकांनी जादू केली नाही, त्यांनी फक्त ओळ न् ओळ वाचली.

पण एवढ्याने भागत नाही. 'एमआरपीपेक्षा जास्त घेतले नाही ना?' एवढेच आपण बघतो. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे बेकायदा आहेच, पण ती किंमतच फुगवलेली असेल तर? राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली. सलाईनच्या नळीला जोडायची, सुमारे ६ रुपयांना घेतलेली एक छोटी तोटी पेशंटला १०६ रुपयांना लावली होती. काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत होता. एमआरपी ही कमाल मर्यादा आहे, योग्य भाव नव्हे.

मग करायचे काय? भरती करतानाच दरपत्रक मागा. जानेवारी २०२१ च्या नियमांनुसार महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांनी प्रमुख सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. बिल एकरकमी नको, तपशीलवार मागा. रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या औषधांची यादी बघा: किती आणली, किती वापरली, उरलेली परत घेऊन पैसे वजा झाले का? घरी लागणाऱ्या गोळ्यांसाठी डॉक्टरांना विचारा, याच घटकाचे जेनेरिक चालेल का? चालत असेल तर जनऔषधी केंद्रात भाव बघा.

आवाज चढवायची गरज नाही. काउंटरवरच्या मुलीने दर ठरवलेले नसतात. 'ही ओळ जरा समजावून सांगता का?' एवढे पुरते. उत्तर मिळाले नाही तर लेखी तक्रार द्या, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्कही नाही.

मापात खोट करणाऱ्यांवर कुरआनात 'अल्-मुतफ्फिफीन' ही सूरह आहे. ती आपण दुकानदाराला ऐकवतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मेडिकल स्टोअर, किराणा, कापडाचे दुकान आहे. तिथे आपण पक्के बिल देतो का, हाही प्रश्न याच हिशेबात येतो.

मोहल्ल्यात कोणी भरती झाले की आपण डबा घेऊन जातो, रक्त द्यायला धावतो. ही आपली चांगली सवय आहे. यापुढे डब्यासोबत एक पेन आणि वही न्या, आणि त्या घरच्यांना म्हणा, 'चाचा, बिल मी वाचतो.'