चोराच्या उलट्या बोंबा

कलावंताने आपल्या कलाकृतीवर हक्क सांगितला की तो लोभी ठरतो आणि ती परस्पर पळविणारा मात्र क्रांतिकारक म्हणून मिरवतो, हा कोणता न्याय? ‘मेटॅलिका’ या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या ‘आय डिसअपीअर’ या गीताचे प्रकरण २००० साली गाजले, तेव्हा नेमका हाच उफराटा न्याय लावला गेला. आजही त्याचे समर्थन करणारे कमी नाहीत.

‘मिशन : इम्पॉसिबल २’ हा चित्रपट मे २००० मध्ये प्रदर्शित व्हायचा होता. त्यासाठी रचलेल्या या गीतावर अखेरचा हात फिरायचा होता, तोच त्याचे अपुरे ध्वनिमुद्रण अमेरिकेतील नभोवाणी केंद्रांवरून ऐकू येऊ लागले. माग काढता काढता तो ‘नॅपस्टर’च्या दारात पोहोचला. शॉन फॅनिंग या तरुणाने १९९९ मध्ये सुरू केलेल्या या सेवेमुळे एकाच्या संगणकातील गाणे दुसऱ्याला विनामूल्य उतरवून घेता येई. मेटॅलिकाची जुनी गाणीही तेथे अशीच लुटली जात होती. एप्रिल २००० मध्ये बँड न्यायालयात गेला आणि एकच गदारोळ उठला.

टीकाकारांचा मुख्य मुद्दा असा, की १९८२ च्या ‘नो लाइफ टिल लेदर’ या ध्वनिफितीच्या प्रती रसिकांनी हातोहात वाटल्या, म्हणून तर हा बँड मोठा झाला. मग आता तक्रार कशाची? हा युक्तिवाद वरवर बिनतोड भासतो. परंतु ती फीत बँडने आपखुशीने रसिकांच्या हाती दिली होती. दान आणि चोरी यांत अंतर असते ते देणाऱ्याच्या संमतीचे! अपुरे गीत जगापुढे ठेवण्यास कोणाची संमती होती?

आणि नॅपस्टर म्हणजे काही धर्मादाय संस्था नव्हती. मे २००० मध्येच तिने दीड कोटी डॉलरचे भांडवल मिळविले. गाणी फुकट, पण गाण्यांच्या जोरावर उभा राहिलेला धंदा मात्र कोट्यवधींचा! याला मुक्ती म्हणावयाचे काय?

बँडचीही चूक झाली. त्याच मे महिन्यात त्याने ३,३५,४३५ वापरकर्त्यांची यादी नॅपस्टरच्या हवाली केली. घाव पेढीच्या मालकावर बसावयाचा, तो रसिकांवर बसला. आणि मालक रसिकांच्या आड सुखरूप राहिला. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी गत झाली. तरीही पद्धत चुकली म्हणून हक्क खोटा ठरत नाही.

जुलै २००१ मध्ये नॅपस्टरची ती सेवा बंद पडली. डिसेंबर २०१२ मध्ये मेटॅलिकाने आपली गाणी ‘स्पॉटिफाय’ला दिली, तेव्हा नॅपस्टरचा सहसंस्थापक शॉन पार्कर त्या घोषणेस हजर होता. लढा तंत्रज्ञानाशी नव्हता, संमतीसाठी होता, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

मेटॅलिकाला वकील परवडले. ज्या होतकरू गायकापाशी ते नाहीत, त्याचे काय? ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणाऱ्या रसिकांनी एवढे ध्यानी घ्यावे, की ज्या समाजात कलावंताला त्याचे मोल मिळत नाही, तेथे कला श्रीमंतांची हौस बनून उरते.