एका मताची किंमत

एक कोडं घालतो. एका माणसाचं करिअर १९७६ साली संपलं. त्यानंतर त्यानं एकही चेंडू खेळला नाही, म्हणजे त्याच्या आकड्यांत तसूभरही बदल झाला नाही. पुढची पंचेचाळीस वर्षं त्याला सांगितलं गेलं, "तुम्ही थोर आहात, पण अगदी महान नाही." आणि २०२१ साली अचानक, "तुम्ही महानच!"

इनपुट तेच, आउटपुट वेगळं. आमच्या धंद्यात याला सरळ बग म्हणतात :)

हा माणूस म्हणजे क्युबाचा टोनी ओलिव्हा. बेसबॉलमधला आउटफिल्डर, म्हणजे आपल्या भाषेत सीमारेषेजवळचा क्षेत्ररक्षक. पण तिथे तोही फलंदाजी करतो, आणि ओलिव्हाची खरी ओळख त्याच्या फलंदाजीचीच. बेसबॉलचे नियम नाही समजले तरी बिघडत नाही. एवढंच लक्षात ठेवा की तिथे दहापैकी तीन वेळा हिट मारणारा फलंदाज चांगला समजला जातो. ते लिहितात .३०० असं.

तर ओलिव्हा पश्चिम क्युबातल्या पिनार देल रिओ प्रांतातला. जन्म १९३८चा, खरं नाव पेद्रो. जो कँब्रिया नावाच्या स्काउटनं त्याला हेरलं आणि १९६१ साली तो अमेरिकेला निघाला, तो आपल्या भावाच्या कागदपत्रांवर. भावाचं नाव अँतोनियो. म्हणून हा झाला टोनी, आणि जन्मभर टोनीच राहिला! अमेरिका आणि क्युबाचे राजनैतिक संबंध त्याच वर्षी जानेवारीत तुटले होते. ओलिव्हा पोचला आणि एप्रिलमध्ये 'बे ऑफ पिग्स'ची लढाई झाली. परतीचा रस्ता बंद.

आणि नेमकं तेव्हाच मिनेसोटा ट्विन्स संघानं त्याला चाचणी शिबिरातून घरी जायला सांगितलं. फलंदाजी उत्तम होती, पण क्षेत्ररक्षण कच्चं आणि संघात जागा नाही. घरी जा म्हणजे कुठे? इंग्रजी येत नाही, खिशात पैसे नाहीत, देशात परतता येत नाही. शार्लटच्या दुय्यम संघाच्या व्यवस्थापकानं त्याला ठेवून घेतलं, सराव करू दिला, आणि ट्विन्सना पुन्हा एकदा गळ घातली. त्यांनी त्याला अगदी तळाच्या लीगमध्ये, विदव्हिलला पाठवलं. तिथे त्याची सरासरी होती .४१०.

तीन वर्षांनी, १९६४ साली, म्हणजे आपल्या पहिल्याच पूर्ण हंगामात, ओलिव्हा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरला. सरासरी .३२३, हिट्स २१७, होमरन ३२. त्या लीगमध्ये नवख्या खेळाडूनं हे विजेतेपद मिळवायची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी त्यानं ते पुन्हा मिळवलं. पाच वेगवेगळ्या हंगामांत लीगमध्ये सर्वांत जास्त हिट्स त्याच्या. १९६४ ते १९७१ सलग आठ वर्षं ऑल-स्टार. आणि हा काळ गोलंदाजांचा होता बरं का! १९६८ साली तर त्या लीगचं विजेतेपद अवघ्या .३०१ला मिळालं होतं. फलंदाजांची इतकी दैना झाली की पुढच्या वर्षी गोलंदाजाच्या पायाखालचा उंचवटा पाच इंचांनी कमी करावा लागला.

मग २९ जून १९७१. ओकलंडमध्ये जो रूडीनं मारलेला चेंडू पकडायला ओलिव्हानं झेप घेतली आणि उजवा गुडघा गेला. त्या वर्षीचं विजेतेपद त्यानं तरीही मिळवलं, तिसऱ्यांदा. पण १९७२ मध्ये तो जेमतेम दहा सामने खेळू शकला. १९७३ साली अमेरिकन लीगनं फक्त बॅटिंग करणाऱ्या खेळाडूचा नियम आणला, म्हणून तो टिकला. त्या भूमिकेतला इतिहासातला पहिला होमरनही त्याचाच. पण आउटफिल्डर ओलिव्हा संपला होता. १९७६ला निवृत्त झाला तेव्हा खात्यात १६७६ सामने, २२० होमरन आणि .३०४ सरासरी.

इथून पुढे सुरू होते खरी गंमत, म्हणजे 'हॉल ऑफ फेम'. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावात हे बेसबॉलचं देवघर आहे. तिथे जायचं तर आधी क्रीडा पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात. ओलिव्हाचं नाव त्यांच्यासमोर १९८२ ते १९९६ अशी पंधरा वर्षं होतं. निम्मी मतंसुद्धा कधी पडली नाहीत. कारण काय, तर कारकीर्द छोटी.

आता हे कारण मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. वीस वर्षं टिकून राहणं हेही एक कौशल्य आहे, आणि दरवाजा जरा चिंचोळा असला तरच आत जाण्याला अर्थ असतो. पण मग ते सगळ्यांना लावा ना! सँडी कोफॅक्स तिशीत कोपराच्या दुखण्यानं निवृत्त झाला आणि १९७२ला पहिल्याच फटक्यात आत गेला. ओलिव्हाच्याच संघाचा कर्बी पकेट डोळ्याच्या आजारानं १७८३ सामन्यांवर थांबला, तो २००१ला पहिल्याच वर्षी आत. पकेटची सरासरी जास्त आणि त्याच्या नावावर दोन वर्ल्ड सिरीज आहेत, मान्य. (त्या दोन्ही वेळा त्याच संघाच्या प्रशिक्षकांत ओलिव्हा होता.) तरी दोघांत फरक १०७ सामन्यांचा. होमरन तर ओलिव्हाचे जास्त.

पत्रकारांनी नाकारलेल्यांसाठी नंतर एक सोळा जणांची समिती असते. तेव्हा यादीत दहा नावं असत, निवडून यायला बारा मतं लागत, आणि प्रत्येक सभासदाला जास्तीत जास्त चारच नावं लिहिता येत. डिसेंबर २०१४ मध्ये ओलिव्हाला पडली अकरा. डिक ॲलनलाही अकरा. मिनी मिन्योसोला आठ. निवडून आलेले, शून्य!

मिन्योसोही क्युबाचा, आउटफिल्डरच, आणि ओलिव्हाच्या कितीतरी आधीचा. १९५१ साली शिकागो व्हाइट सॉक्सकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याच्यामागून आलेल्या कित्येक क्युबन खेळाडूंचा रस्ता त्यानं मोकळा केला. २०१४च्या त्या निकालानंतर तीन महिन्यांच्या आत, १ मार्च २०१५ला, तो गेला.

पुढची बैठक डिसेंबर २०२०ला ठरली होती, ती कोविडमुळे वर्षभर पुढे गेली. त्याच डिसेंबरात डिक ॲलन गेला. २०२१ला समिती एकदाची बसली. मिन्योसो चौदा, ओलिव्हा बारा, जिम काट बारा, गिल हॉजेस बारा. हे चौघे आत. आणि ॲलन? पुन्हा अकरा!

जरा बेरीज करा. पाच जणांना मिळून ६१ मतं. पाच जणांना आत जायला लागतात ६०. म्हणजे मतं पुरून उरली होती, फक्त एक मत चुकीच्या रांगेत उभं होतं. चार नावांची मर्यादा नसती तर कदाचित ही वेळच आली नसती. ज्याला पाचही जण लायक वाटतात त्या सभासदानं करायचं काय? कुणाला तरी गाळायचंच. म्हणजे 'हा माणूस लायक आहे का?' हा प्रश्न राहतच नाही, 'याच्या शेजारी अजून कोण उभं आहे?' हा होतो. आणि यावर संस्थेनं उपाय काय केला? २०२२ला मर्यादा चारावरून तीनवर आणली. धन्य! ॲलन शेवटी डिसेंबर २०२४च्या मतदानात आत गेला, मरणानंतर चार वर्षांनी.

माझा आक्षेप नकाराला नाही. ओलिव्हाला कायमचं 'नाही' म्हटलं असतं तर मी वाद घातला असता, पण त्या उत्तराचा मान राखला असता. आक्षेप आहे तो 'बघू पुढच्या वेळी'ला. समितीला वाटतं निर्णय पुढे ढकलणं म्हणजे कुणाचं काही बिघडत नाही, आकडे कुठे पळून जाताहेत? आकडे नाही पळत हो, माणसं जातात. त्यामुळे 'अजून नाही' हे प्रत्यक्षात बऱ्याचदा 'नाही'च असतं, फक्त बोलणाऱ्याला वाईटपणा येत नाही. ऑफिसांमध्ये "नेक्स्ट सायकलला नक्की करू" ऐकलेल्या कुणालाही हे कळेल.

२४ जुलै २०२२ला ओलिव्हा कूपर्सटाउनच्या व्यासपीठावर उभा होता. चारच दिवसांपूर्वी त्यानं चौऱ्याऐंशी पूर्ण केली होती. मिन्योसोचं नावही त्याच दिवशी, त्याच समारंभात पुकारलं गेलं. एकाच समितीनं, एकाच दिवशी निवडलेले दोन क्युबन आउटफिल्डर. एकाला तो दिवस दिसला, एकाला नाही. मिन्योसोला तर ओलिव्हापेक्षा दोन मतं जास्त होती.

ओलिव्हाला न्याय मिळाला असं सगळे म्हणतात. मला वाटतं, न्याय बिय काही नाही, तो फक्त जगला. व्यवस्थेच्या चुका तिच्याआधी आपण मेलो नाही म्हणून दुरुस्त झाल्या, तर त्याचं श्रेय व्यवस्थेला का द्यायचं?

असो. तुमच्या ओळखीत कुणी असा असेल, ज्याचं 'करू कधीतरी कौतुक' म्हणून ठेवून दिलंय, तर या शनिवार-रविवारी फोन करून टाका. बारा मतं लागत नाहीत त्याला, एकच पुरतं.